औषध विनामूल्य, पण दुधाचे काय?

चेन्नईजवळ तांबरम येथे डॉ. चौरी मुथू यांनी १९२८ साली क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभारले. आज तेथे सरकारी रुग्णालय आहे. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. मोकळी हवा, विश्रांती व सकस आहार हाच उपचार. आता सरकारी दवाखान्यांत औषधे विनामूल्य मिळतात. परंतु मूल अंथरुणाला खिळले की आईबापांची मजुरी बुडते, आणि दूध-अंडी काही फुकट मिळत नाहीत! म्हणून केंद्र सरकारने २०१८ साली ‘निक्षय पोषण योजना’ सुरू केली. नोव्हेंबर २०२४ पासून तिचे साहाय्य दरमहा ५०० रुपयांवरून १००० झाले. मुलाचे बँकखाते नसल्यास पालकांचे चालते. बुडालेली मजुरी एवढ्याने भरून निघत नाही, हे खरे. तरीही वाचकहो, उपचार सुरू होतानाच नोंदणी झाली का, हे दवाखान्यात अवश्य विचारा.