कार्बोरेटर : आधी सफाई, मग स्क्रू

पावसाळाभर झाकून ठेवलेली जुनी स्कूटर दसऱ्याच्या पूजेसाठी बाहेर काढावी आणि किक मारून मारून पाय भरून यावेत, हा प्रकार पुष्कळ घरांत घडतो. कशीबशी सुरू झालेली गाडी चोक बंद करताच बंद पडते. मग कोणीतरी स्क्रूड्रायव्हर आणून कार्बोरेटरचे स्क्रू पिळू लागते. तसे करू नका. दोष बहुधा स्क्रूचा नसून साचलेल्या मळाचा असतो.

एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज ६ चे नियम लागू झाल्यावर बहुतेक नव्या दुचाकींत फ्युएल इंजेक्शन आले. पण त्याआधीच्या असंख्य गाड्या अजून कार्बोरेटरवरच धावतात. गाडी उभी राहिली की त्यातले पेट्रोल उडून जाते आणि मागे राळेसारखा चिकट थर उरतो. हल्लीच्या पेट्रोलमधले इथेनॉल हवेतला ओलावाही ओढून घेते. जेटची बारीक भोके अर्धवट बुजतात ती यामुळेच.

पेट्रोल कमी मिळाले तर इंजिन गार राहील, असे कोणालाही वाटेल. घडते उलटेच. हवा जास्त आणि पेट्रोल कमी झाले की इंजिन भलतेच तापते. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या टू-स्ट्रोक स्कूटरला तर पेट्रोलबरोबर वंगणही कमी पडते आणि पिस्टन जाम होतो. मग खर्च बोअर-पिस्टनचा!

सफाई मोकळ्या हवेत, इंजिन गार असताना करावी. जवळपास उदबत्तीसुद्धा नको. पेट्रोलचा कॉक बंद करा. कार्बोरेटरच्या तळाला स्क्रू असल्यास तो सैल करून जुने पेट्रोल डब्यात काढा आणि ताजे भरून पाहा. कित्येकदा एवढ्यानेच भागते. नाहीतर जेट काढून कार्बोरेटर क्लीनरने धुवावे लागतात. त्यांत स्टोव्हची पिन घालण्याचा मोह मात्र आवरा. पितळ मऊ असते; भोक मोठे झाले की जेट नवाच घ्यावा लागतो.

मिश्रणाचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलकेच आत फिरवून किती वेढ्यांत टेकतो ते लिहून ठेवा. टेकल्यावर पिळू नका, टोक बिघडते. बसवताना तेवढेच वेढे उघडा. पुढची जुळणी इंजिन तापल्यावर, पाव-पाव वेढ्याने. काही कार्बोरेटरांत हा स्क्रू उघडला की हवा वाढते, काहींत पेट्रोल. तेव्हा गाडीचे पुस्तक पाहिलेले बरे. एक फेरी मारून, इंजिन गार झाल्यावर प्लग काढून पाहा. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी, काजळी असेल तर जास्त, फिकट तपकिरी असेल तर योग्य.

यापुढे गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. कार्बोरेटर रिकामा होतो.