खाज कुत्र्याला, औषध स्वयंपाकघरातले?

रात्रीचे दोन वाजलेले असतात. बाहेर पावसाची रिपरिप आणि घरात पलंगाखालून एकसारखा आवाज - ठक, ठक, ठक. ब्रूनो मागच्या पायाने मान खाजवतो आहे आणि त्याचा पाय फरशीवर आपटतो आहे. सकाळी पाहावे तर शेपटीच्या मुळाशी रुपयाएवढा केस गेलेला लाल चट्टा. मग सल्ल्यांना ऊत येतो. सोसायटीचा वॉचमन सांगतो, गॅरेजमधून जळके ऑइल आणून चोपडा. शेजारच्या काकू हळद आणि खोबरेल तेल सुचवतात. कामाला येणाऱ्या मावशी कडुलिंबाचा पाला उकळायला सांगतात आणि प्राण्यांचे खाद्य विकणारा दुकानदार 'संपूर्ण नैसर्गिक' असे लिहिलेली तेलाची बाटली हातात ठेवतो.

या चार सल्ल्यांपैकी पहिला जिवावर बेतू शकतो. दुसरा बहुधा निरुपद्रवी आहे. तिसऱ्याने कुत्र्याला थोडा आराम पडेल, पण मांजराच्या बाबतीत सावध राहायला हवे. चौथा खरोखरच उपयोगी ठरू शकतो, मात्र सहा-आठ आठवड्यांनी आणि खाजेचे मूळ कारण दूर केलेले असेल तरच. अडचण अशी की बहुतेक घरांत सुरुवात उपायापासून होते आणि कारण शोधायचे राहूनच जाते.

खाज कुठे आहे ते पाहा

खाजेची जागा पुष्कळ काही सांगून जाते. कंबर आणि शेपटीचे मूळ खाजत असेल तर पहिला संशय पिसवांवर घ्यावा. पिसू दिसली नाही म्हणजे ती नाही असे नव्हे. पांढऱ्या ओल्या कागदावर कुत्र्याला विंचरा. पडलेले काळे कण ओल्या कागदावर तांबूस पसरले तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजेच पचलेले रक्त. काही जनावरांना पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असते. त्यांना दोन-चार चावेही अंग ओरबाडून घ्यायला पुरेसे होतात. शिवाय अंगावर दिसतात त्या थोड्याच. अंडी, अळ्या आणि कोष सोफ्याच्या फटीत, चटईत, गादीखाली असतात. तेव्हा जनावराला तेल पाजून पिसवा जाणार नाहीत. अंथरूण गरम पाण्याने धुवायला हवे आणि घरातल्या सगळ्या जनावरांवर एकाच वेळी इलाज व्हायला हवा.

कानाच्या कडा आणि कोपरे खाजून खरबरीत झाले असतील, कुत्रा रात्रभर झोपत नसेल आणि घरातल्या मुलाच्या हातावर किंवा पोटावर बारीक लाल पुरळ उठले असेल, तर लूत असण्याची शक्यता मोठी. ही सूक्ष्म किड्यामुळे होणारी लूत माणसालाही त्रास देते. लुतीचा दुसरा प्रकार पिल्लांच्या तोंडावर आणि पुढच्या पायांवर केस गेलेल्या चट्ट्यांनी सुरू होतो. तो माणसाला लागत नाही. दोन्हींत फरक करायचा तर डॉक्टर त्वचा किंचित खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पाच मिनिटांचे काम. पण जनावराला हळदीचा जाड लेप फासून दवाखान्यात नेले तर डॉक्टरांना खालची त्वचा दिसणार कशी?

पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत, कानांत आणि पगसारख्या कुत्र्यांच्या चेहऱ्याच्या घड्यांत ओल साचून बुरशी वाढते. अंगाला तेलकटपणा आणि आंबूस वास येतो. अशा कुत्र्याला खोबरेल चोपडणे म्हणजे ओलीत आणखी भर. मांजराच्या डोक्यावर किंवा कानांवर केस तुटलेले गोल, कोंडा सुटणारे चट्टे असतील तर ते गजकर्ण असू शकते, आणि मांजर कुशीत घेऊन झोपणाऱ्या मुलांना ते चटकन लागते.

तेलाच्या बाटलीत खरोखर काय असते

आहारातील काही स्निग्धांशांवाचून त्वचा नीट राहत नाही, हे १९२९ साली अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने दाखवून दिले. स्निग्धांश अजिबात नसलेला आहार उंदरांना दिल्यावर त्यांच्या कातडीवर खवले आले. माशांच्या तेलातील ओमेगा-३ या स्निग्धाम्लांचे काम थोडे निराळे. ती त्वचेतील दाह कमी करतात. ॲलर्जीने खाजवणाऱ्या ६० कुत्र्यांवरची एक चाचणी २००४ साली प्रसिद्ध झाली. काहींना स्निग्धाम्ले आणि काहींना नुसतेच साधे तेल दिले होते. पहिल्या गटातील कुत्र्यांना स्टेरॉइडची गोळी कमी लागू लागली, पण हा फरक दिसायला सुमारे दोन महिने जावे लागले. म्हणजे तेलाने गोळी बंद झाली नाही, तिची मात्रा उतरली. वर्षानुवर्षे औषध खावे लागणाऱ्या कुत्र्याच्या दृष्टीने हेही थोडे नाही.

फसगत होते ती मात्रेत. माणसांसाठी मिळणाऱ्या १००० मिलिग्रॅमच्या साध्या कॅप्सूलमध्ये प्रत्यक्ष कामाचे ईपीए आणि डीएचए मिळून साधारण ३०० मिलिग्रॅमच असतात. त्वचेच्या तक्रारीसाठी १० किलो वजनाच्या कुत्र्याला दिवसाला ७०० मिलिग्रॅमच्या आसपास, तर ३० किलोच्या लॅब्रॅडोरला सुमारे १६०० मिलिग्रॅम लागतात. बाटलीवरचा मोठा आकडा न पाहता मागचे बारीक अक्षर वाचावे ते यासाठी. एकदम पूर्ण मात्रा दिली तर जुलाब होतात, म्हणून दोन आठवड्यांत हळूहळू वाढवावी. स्वादुपिंडाचा आजार झालेल्या किंवा शस्त्रक्रिया ठरलेल्या जनावराला डॉक्टरांना विचारल्याखेरीज देऊ नये. आणि कॉड लिव्हर ऑइल म्हणजे हे तेल नव्हे. त्यात अ आणि ड जीवनसत्त्वे भरपूर असतात आणि ती शरीरात साठून अपाय करतात.

शाकाहारी घरांत जवसाचे तेल घातले जाते. त्याने केसांना चकाकी येऊ शकते, पण दाहावर त्याचा फारसा भरवसा धरता येत नाही. जवसातील ओमेगा-३ चे माशांच्या तेलासारख्या रूपात रूपांतर करण्याची कुत्र्याची ताकद कमी आणि मांजराची तर जवळपास नाहीच. मांजराची ही उणीव ब्रिटनमधील संशोधकांनी १९७५ साली मांडली. कोकण-गोव्याकडच्या वाचकांना हातचा उपाय आहे. उकडलेली तारली किंवा बांगडा, मीठ-मसाला न घालता आणि काटे काढून, आठवड्यातून दोनदा. मात्र मांजराला रोज नुसता मासाच घालू नये. त्याने ई जीवनसत्त्व कमी पडून अंगातील चरबीला सूज येते.

बाटली घेण्याआधी ताटलीकडेही नजर टाकावी. दूध-पोळी आणि वरणाचे पाणी घातलेला भात यांवर वाढलेल्या कुत्र्याचे केस निस्तेज होऊन गळत असतील तर त्याला पूरक द्रव्यापेक्षा प्रथिने हवी आहेत. केस बनतातच मुळी प्रथिनांचे. नुसत्या धान्यावरच्या आहारात जस्तही नीट शोषले जात नाही आणि मग नाक, डोळे यांभोवती खपल्या धरतात. रोज एक उकडलेले अंडे मोठ्या कुत्र्याला पुष्कळ उपयोगी पडते. पांढरे कच्चे देऊ नये. ते बायोटिन बांधून ठेवते, आणि बायोटिन तर त्वचेलाच लागते. मांस-मासे वर्ज्य असलेल्या घरात कुत्र्याचा आहार डॉक्टरांच्या मदतीने बसवता येतो. मांजराचे तसे नाही, त्याला मांसाहार हवाच.

डब्यातले उपाय

साधे ओट्स मिक्सरमध्ये पिठासारखे बारीक करून कोमट पाण्यात कालवा, त्या पाण्यात कुत्र्याला दहा मिनिटे उभे करा आणि मग स्वच्छ धुवून पूर्ण कोरडे करा. खाज तात्पुरती शमते. कडुलिंबाच्या पाल्याचे गार केलेले पाणी कुत्र्याला चालते, पण त्याने लूत बरी होईल अशी आशा धरू नये. कोरफडीचा पारदर्शक गर लावायला हरकत नाही. सालीलगतचा पिवळा चीक मात्र चाटला गेला तर जुलाब लागतात. आपला अंगाचा साबण कुत्र्यासाठी नाही, कपड्यांचा तर मुळीच नाही.

रॉकेल आणि जळके ऑइल कधीही लावू नये. गल्लीतल्या लूत लागलेल्या कुत्र्यांवर लोक दयेपोटीच ते ओततात, हे खरे. पण कातडी भाजते, चाटल्याने ते पोटात जाते, फुप्फुसांत उतरते आणि कुत्रे लुतीऐवजी उपचारानेच मरते. आज लुतीवर तोंडावाटे देता येणाऱ्या गोळ्या आहेत आणि भटक्या कुत्र्यालाही त्या खाऊत घालून देता येतात. वजनाचा अंदाज सांगून डॉक्टरांकडून त्या घ्याव्यात. गोचीड पडावेत म्हणून लसूण चारण्याचीही चाल आहे. लसूण आणि कांदा रक्तातील तांबड्या पेशी फोडतात, आणि गोचीड बिनघोर राहतात.

मांजर म्हणजे लहान कुत्रा नव्हे

सर्वांत जास्त अपघात होतात ते इथे. आपण किंवा कुत्रा जी रसायने यकृतात मोडून बाहेर टाकतो, त्यांतली कित्येक मांजराला मोडताच येत नाहीत. त्यातच मांजर दिवसभर अंग चाटते, म्हणजे लावलेले सारे पोटात जाते. टी ट्री ऑइल, निलगिरीचे तेल, कापूर, कडुलिंबाचे शुद्ध तेल हे सगळे झाडांपासूनच मिळते, पण मांजराला लावू नये. पाण्यात टाकताच दुधासारखे पांढरे होणारे जंतुनाशक तिच्या जखमेला नको. फिनेलने पुसलेली फरशी वाळेपर्यंत तिला त्या खोलीत येऊ देऊ नका; पंजे चाटताना ते तिच्या तोंडात जाते. कुत्र्यांसाठीच्या पिसवांच्या औषधांत पर्मेथ्रिन असेल तर त्याचे थेंबही मांजराचा जीव घेऊ शकतात. कुत्रा आणि मांजर एकत्र झोपत असतील तर कुत्र्याला असे औषध लावण्यापूर्वीच विचार करावा.

औषध लावल्यावर मांजराच्या तोंडातून लाळ गळू लागली, चाल डळमळली किंवा अंग थरथरले, तर दूध पाजत बसू नये, उलटी काढण्याचा प्रयत्नही करू नये. बाटली बरोबर घ्यावी आणि तडक दवाखाना गाठावा. कुत्र्याला खाजेबरोबर ताप असेल, हिरड्या फिक्या पडल्या असतील, नाकातून रक्त येत असेल आणि अंगावर गोचीड असतील, तर गोचीड ताप असू शकतो. तेव्हाही घरी थांबू नये, त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. आणि मुलांच्या अंगावर पुरळ असेल तर मुलांना त्यांच्या डॉक्टरांकडे नेताना, घरात खाजवणारे जनावर आहे हे आठवणीने सांगावे.