लोहगाव विमानतळावरील हवाई वाहतूक नियंत्रण : सुरक्षा आणि आपत्कालीन प्रतिसाद

प्रस्तावना

पुण्याच्या ईशान्येस असलेला लोहगाव विमानतळ हा मूलतः लष्करी तळ होय. मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी ब्रिटिशांनी १९३९ मध्ये त्याची उभारणी केली. स्वातंत्र्यानंतर तो भारतीय हवाई दलाकडे आला आणि २००२ मध्ये सुखोई-३० एमकेआय विमाने याच तळावर सेवेत दाखल झाली. तळाच्या एका भागात भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा नागरी विभाग आहे. २०२४-२५ या आर्थिक वर्षात या विभागातून ये-जा करणाऱ्या प्रवाशांची संख्या एक कोटीच्या वर गेली. प्रवासी इमारत प्राधिकरणाची, प्रवाशांची तपासणी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे, विमाने निरनिराळ्या कंपन्यांची. परंतु धावपट्टी आणि नियंत्रण मनोरा हवाई दलाचा, अशी येथील व्यवस्था आहे. संकटसमयी नियंत्रकाला नेमके काय करावे लागते आणि अशा विभागलेल्या व्यवस्थेत ते कितपत साधते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सुरक्षितता आणि सुरक्षा

विमान वाहतुकीच्या परिभाषेत सुरक्षितता आणि सुरक्षा या दोन भिन्न संकल्पना आहेत. यंत्रातील बिघाड, हवामान किंवा मानवी चूक यांमुळे होणारे अपघात टाळणे हा सुरक्षिततेचा विषय. तर अपहरण, घातपात, बॉम्बची धमकी अशा हेतुपुरस्सर कृत्यांना प्रतिबंध करणे हा सुरक्षेचा. शासनव्यवस्थेतही ही विभागणी दिसते. पहिल्या विषयाची जबाबदारी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आहे. दुसऱ्यासाठी, १९७६ मधील इंडियन एअरलाइन्सच्या विमानाच्या अपहरणानंतर, १९७८ मध्ये स्वतंत्र कक्ष निर्माण झाला. १९८५ मध्ये 'कनिष्क' विमानातील स्फोटात ३२९ जणांचा बळी गेल्यानंतर, १९८७ मध्ये त्याला स्वतंत्र विभागाचा दर्जा मिळाला.

कागदावर स्पष्ट असणारी ही विभागणी मनोऱ्यातील नियंत्रकाला मात्र पहिल्या क्षणी उपयोगी पडत नाही. विमानाचा संपर्क तुटला, तर रेडिओ बिघडला आहे की वैमानिकाच्या मागे शस्त्रधारी उभा आहे, हे त्याला ठाऊक नसते. म्हणूनच जगभर काही सांकेतिक क्रमांक ठरलेले आहेत. वैमानिकाने विमानातील ट्रान्सपॉण्डरवर ७५०० हा क्रमांक लावला तर अपहरण, ७६०० लावला तर रेडिओ निकामी आणि ७७०० लावला तर अन्य आणीबाणी, असा अर्थ रडारच्या पडद्यावर उमटतो. संकेत मिळाला नाही तरी नियम थांबत नाहीत. अपेक्षित वेळेनंतर ३० मिनिटांत विमानाकडून काहीच कळले नाही तर 'अनिश्चितता' ही अवस्था जाहीर होते. उतरण्याची परवानगी मिळालेले विमान अपेक्षित वेळेनंतर पाच मिनिटांत उतरले नाही आणि त्याच्याशी संपर्कही झाला नाही, तर 'सावधानता' आणि धोक्याची खात्री पटताच 'संकट', अशा पुढच्या पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीगणिक कोणाला कळवायचे, हेही आधीच ठरलेले असते. संकटकाळी नियंत्रकाचे बरेचसे काम या कळवण्यातच सामावलेले आहे.

१५ फेब्रुवारी २०२० ची घटना

लोहगावच्या संदर्भात सर्वाधिक विचार करावा अशी घटना १५ फेब्रुवारी २०२० रोजी घडली. एअर इंडियाचे एअरबस ए-३२१ जातीचे विमान दिल्लीकडे जाण्यासाठी धावपट्टीवर वेग घेत होते. त्याच वेळी पुढे धावपट्टीवर एक जीप आणि एक व्यक्ती असल्याचे वैमानिकांच्या लक्षात आले. विमानाचा वेग तेव्हा सुमारे १२० नॉट, म्हणजे ताशी सुमारे २२० किलोमीटर होता. वैमानिकांनी ठरलेल्या वेगाआधीच विमान उचलले. त्यात शेपटीकडील भाग धावपट्टीला घासला. तथापि विमान दिल्लीला सुखरूप उतरले. कोणालाही इजा झाली नाही.

या आकड्यांचा अर्थ ध्यानात घेतला पाहिजे. ताशी २२० किलोमीटर वेगाने विमान एका सेकंदात साठ मीटरहून अधिक अंतर कापते, म्हणजे एक किलोमीटर जाण्यास त्याला सोळा-सतरा सेकंद पुरतात. लोहगावची धावपट्टी अडीच किलोमीटरच्या थोडी वर आहे. मनोऱ्यातून जीप दिसणे, ती कोणाची हे उमगणे, सूचना देणे आणि वैमानिकाने ती ऐकून कृती करणे, इतके सारे एवढ्या अवधीत बसणे कठीणच. अशा प्रसंगी अंतिम निर्णय वैमानिकाचाच असतो. नियंत्रकाचे खरे काम त्याच्या कितीतरी आधी, उड्डाणाची परवानगी देण्यापूर्वी, पूर्ण झालेले असावे लागते.

त्यासाठीची साधने आश्चर्य वाटावे इतकी साधी आहेत. धावपट्टीवर वाहन गेले की नियंत्रक आपल्या फलकावर 'धावपट्टी व्यापलेली' अशी पट्टी लावून ठेवतो. वाहन बाहेर आल्याचे चालकाने सांगितल्याशिवाय ती काढायची नसते. दिलेली सूचना चालकाने शब्दशः परत म्हणून दाखवायची असते. रेडिओ चालत नसेल तर मनोऱ्यातून दिव्याचा झोत टाकला जातो. वाहनावर लुकलुकणारा लाल झोत पडला, तर विमाने उतरण्याची जागा तत्काळ सोडायची, असा त्याचा अर्थ आहे. यातील एकही साधन नवे नाही. तरीही धावपट्टीवरील अतिक्रमण हा जगभर आजही गंभीर धोका मानला जातो. १९७७ मध्ये तेनेरीफ बेटावर धावपट्टीवरच दोन विमानांची टक्कर होऊन ५८३ जण दगावले. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरणारे प्रवासी विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळले. प्रवासी विमानातील सर्व ३७९ जण बाहेर पडू शकले, मात्र दुसऱ्या विमानातील पाच जणांचा मृत्यू झाला. हानेदासारख्या अत्याधुनिक विमानतळावरही हे घडू शकते, ही बाब केवळ उपकरणांवर भिस्त ठेवणाऱ्यांनी विसरू नये.

धमकी आणि अपहरण

बॉम्बच्या धमकीत नियंत्रकापुढचा प्रश्न वेगळा असतो. बहुतेक धमक्या खोट्या निघतात, परंतु एकही तशी गृहीत धरता येत नाही. जानेवारी २०२३ मध्ये दिल्लीहून पुण्यास निघणाऱ्या एका विमानाबाबत असा दूरध्वनी आला; तपासणीअंती काहीही सापडले नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर देशभरात काही आठवड्यांत शेकडो विमानांना समाजमाध्यमांतून धमक्या आल्या. धमकी कितपत विश्वसनीय आहे, हे ठरवण्याचा अधिकार नियंत्रकाला नसून त्यासाठी विमानतळावर विविध यंत्रणांची मूल्यमापन समिती असते. तोपर्यंत विमान आकाशात असेल तर त्याला इतरांपासून दूर ठेवणे, इंधन किती आहे व विमानात किती जण आहेत हे विचारून घेणे आणि उतरल्यावर त्याला अन्य विमानांपासून किमान १०० मीटर अंतरावरील स्वतंत्र जागी नेणे, ही कामे मनोऱ्याकडे येतात.

निर्णय घेणारे एकीकडे आणि अंमलबजावणी करणारे दुसरीकडे असले की काय होते, याचे कटू उदाहरण २४ डिसेंबर १९९९ चे आहे. काठमांडूहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे आयसी-८१४ हे अपहृत विमान अमृतसरला सुमारे पाऊण तास उभे होते. दिल्लीत आपत्ती व्यवस्थापन गटाच्या बैठका सुरू असतानाच ते परवानगीविना उडाले. या प्रकरणानंतर, २००० पासून, विमानतळांची सुरक्षा क्रमाक्रमाने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आली आणि १९८२ च्या अपहरणविरोधी कायद्याच्या जागी २०१६ चा अधिक कठोर कायदा झाला.

सामायिक धावपट्टीचा प्रश्न

लोहगावला धावपट्टी एकच आहे. लढाऊ विमान किंवा प्रवासी विमान तिच्यावर अडकले, की दोन्ही प्रकारची वाहतूक थांबते. गोव्याच्या दाबोळी येथे, जिथे नियंत्रण नौदलाकडे आहे, २७ डिसेंबर २०१६ रोजी जेट एअरवेजचे १६१ जण असलेले विमान धावपट्टीवरून घसरले आणि विमानतळ काही तास बंद ठेवावा लागला. अशा वेळी जखमींना हलवणे नागरी यंत्रणेचे आणि धावपट्टी मोकळी करणे लष्करी यंत्रणेचे प्राधान्य असू शकते. ही दोन्ही योग्यच आहेत. त्यांचा क्रम मात्र आधी लिहून ठेवलेला असला पाहिजे.

परिसराचे रक्षण ही त्याहून नित्याची बाब. विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकण्यास मनाई असतानाही लोहगावच्या आसपासचा कचरा आणि त्यावर येणारे पक्षी हा जुना विषय आहे. एप्रिल २०२५ मध्ये विमानतळाच्या आवारात बिबट्या दिसला. वनविभाग व हवाई दलाच्या संयुक्त प्रयत्नांतून तो पकडला जाण्यास डिसेंबर उजाडला. घटना गमतीची वाटली, तरी जिथून बिबट्या आत येतो ती फट सुरक्षेच्या दृष्टीनेही फटच आहे.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार आपत्कालीन योजनेचा पूर्ण स्वरूपाचा सराव दर दोन वर्षांतून किमान एकदा व्हावा लागतो. अग्निशमन दलाने धावपट्टीच्या कोणत्याही टोकास तीन मिनिटांत पोहोचावे, अशी अपेक्षा असते आणि सरावात ती घड्याळ लावून तपासली जाते. लोहगावसारख्या ठिकाणी त्याच घड्याळाने आणखी एक गोष्ट मोजली जावी : मनोऱ्यातील हवाई दलाच्या नियंत्रकाने धोक्याची सूचना दिल्यापासून ती प्राधिकरण, सुरक्षा दल, पोलीस आणि शहरातील रुग्णालये यांपर्यंत पोहोचण्यास किती वेळ लागला आणि ती वाटेत कोठे अडली.