विद्यापीठाची हद्द, रेडिओची हद्द

अमेरिकी रेडिओची गोष्ट सहसा २ नोव्हेंबर १९२०च्या रात्रीपासून सांगतात. त्या रात्री पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल ऐकवले. धंदेवाईक रेडिओपुरते ते ठीक आहे. लोकांच्या कामी पडणाऱ्या रेडिओचा उगम शोधायचा, तर मात्र आणखी मागे, मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या पदार्थविज्ञान विभागात जावे लागते.

तिथे प्रा. अर्ल टेरी विद्यार्थ्यांना हाताशी धरून ‘नाइन-एक्स-एम’ हे प्रायोगिक केंद्र चालवत. १९१६च्या डिसेंबरपासून त्यावरून रोज हवामानाचा अंदाज जाऊ लागला, पण तो मोर्सच्या संकेतांत. ते संकेत न शिकलेल्या शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग? आवाज पाठवायला निर्वात नळ्या हव्यात, आणि पाहिजे तेवढ्या ताकदीच्या नळ्या विकत मिळेनात. मग त्या विभागातच घडवायचे ठरले. काच फुंकायची, आत तारा बसवायच्या, पंपाने हवा ओढून घ्यायची, तोंड वितळवून बंद करायचे. इतके सगळे करून जोडलेली नळी पुष्कळदा जळून जायची, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. याच हातघडणीच्या नळ्यांच्या जोरावर १९१७मध्ये मॅडिसनहून संगीत हवेत गेले. केंद्राचा विद्यार्थी-चालक माल्कम हॅन्सन पुढे ध्रुवप्रवासी बर्ड यांच्या अंटार्क्टिका मोहिमेचा रेडिओ-प्रमुख झाला. एवढी कसून तयारी या प्रयोगशाळेने करून घेतली होती.

अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरताच खासगी आणि हौशी केंद्रांना टाळे लागले. नौदलाच्या ग्रेट लेक्स प्रशिक्षण तळाशी संदेशवहन करण्यासाठी ‘नाइन-एक्स-एम’ला मात्र खास परवानगी मिळाली आणि काम खंडित झाले नाही. १९२१च्या जानेवारीत हवामानाचा अंदाज माणसाच्या आवाजात रोज ऐकू येऊ लागला. शेतमालाचे बाजारभावही आले. १३ जानेवारी १९२२ रोजी केंद्राला नवे नाव मिळाले : डब्ल्यूएचए.

हे सगळे शेतकऱ्यासाठी का, याचे उत्तर विद्यापीठाच्या धोरणात आहे. राज्याच्या सीमा त्याच विद्यापीठाच्या सीमा, अशी भूमिका अध्यक्ष चार्ल्स व्हॅन हाइझ यांनी शतकाच्या आरंभीच मांडली होती. रेडिओने तिला हातपाय दिले.

टेरी १९२९मध्ये गेले. त्यांच्यानंतरचा काळ मला सर्वांत मोलाचा वाटतो. केंद्राचे संचालक हॅरल्ड मॅकार्टी यांच्या कारकिर्दीत, १९३१मध्ये, ‘विस्कॉन्सिन स्कूल ऑफ द एअर’ सुरू झाले. खेड्यातल्या शाळेत एकच शिक्षिका सगळ्या इयत्ता सांभाळायची. गाणे आणि चित्रकला शिकवायला वेगळे माणूस कुठून आणणार? ती उणीव रेडिओने भरून काढली. ‘पॉप’ गॉर्डन म्हणून सर्वांना ठाऊक असलेले प्रा. एडगर गॉर्डन मायक्रोफोनसमोर उभे राहून गाणे शिकवत आणि दूरदूरच्या वर्गांतली मुले त्यांच्या मागून गात. पुढे एकमेकांना कधी न पाहिलेली ही मुले मॅडिसनला जमत आणि एकत्र गात. कोणत्याही परीक्षेच्या निकालापेक्षा हे मोठे यश होते.

१९३४मध्ये केंद्राला स्वतःची जागा मिळाली, तीही विद्यापीठाच्या जुन्या बॉयलरघरात. अडचण वेगळीच होती. परवाना दिवसापुरता, त्यामुळे सूर्य मावळला की प्रक्षेपण बंद. विस्कॉन्सिनच्या हिवाळ्यात याचा अर्थ असा, की शेतकरी कामे उरकून घरात टेकायचा तेव्हा केंद्र मुके झालेले असायचे. ही कोंडी १९४७नंतर उभ्या राहिलेल्या राज्यव्यापी एफएम जाळ्याने फोडली.

सार्वजनिक प्रसारणाचा संघराज्यीय कायदा १९६७चा. त्या कायद्याने सुरू झालेला निधी २०२५मध्ये अमेरिकी काँग्रेसने काढून घेतला. त्याच्या जमाखर्चाचा वाद घालणाऱ्यांनी हे विसरू नये, की तो पैसा येण्यापूर्वी जवळपास पन्नास वर्षे मॅडिसनचे केंद्र विद्यापीठाने आणि राज्याने आपल्या हिमतीवर चालवले होते.

आणि त्या खर्चाचे फळ विस्कॉन्सिनपुरते राहिले नाही. मॅडिसनजवळच्या दोन खोल्यांच्या शाळेत ‘स्कूल ऑफ द एअर’ ऐकत वाढलेले बिल सायमरिंग विद्यार्थी असताना डब्ल्यूएचएमध्येच काम करू लागले. तिथून ते बफेलोच्या विद्यापीठाच्या रेडिओवर गेले आणि १९७०मध्ये नॅशनल पब्लिक रेडिओचे पहिले कार्यक्रम-संचालक झाले. त्या संस्थेची ध्येये त्यांनीच लिहून काढली. ३ मे १९७१ रोजी तिचा ‘ऑल थिंग्ज कन्सिडर्ड’ हा कार्यक्रम देशभर ऐकू आला.