बोलेरोच्या बॉनेटखाली

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात एखाद्या बागायतदाराला जुनी बोलेरो विकायला सांगून पाहा. तो हसून विषय बदलेल. गाडी इथलीच, महिंद्रच्या नाशिक कारखान्यातली. बाजारात आली २००० साली.

या जिव्हाळ्यामागे यंत्रशास्त्रही आहे. जुन्या डिझेल इंजिनात इंधनपंप इंजिनाच्याच फिरण्यावर चालतो. पंप डिझेल दाबतो, पुरेसा दाब झाला की इंजेक्टरमधली स्प्रिंग दबते आणि फवारा उडतो. एकदा इंजिन सुरू झालं की विजेचं काम नावापुरतं. टाकी कोरडी पडून लाइनमध्ये हवा शिरली, तर फिल्टरवरचा बोल्ट सैल करायचा, हातपंप मारत राहायचं आणि फेस जाऊन सलग धार लागली की बोल्ट आवळायचा. पाना असला की झालं.

नव्या कॉमन रेल इंजिनात फवाऱ्याची वेळ संगणक ठरवतो. दाब वातावरणाच्या दीड-दोन हजार पट. एका स्फोटासाठी डिझेल अनेक बारीक हप्त्यांत सोडता येतं, म्हणून धूर कमी, खडखडही कमी. मात्र एखादा सेन्सर रुसला, तर स्कॅनर लावल्याशिवाय दुखणं सहसा सापडत नाही. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ प्रदूषण निकषांच्या नव्या बोलेरोलाही हाच संसार करावा लागतो.

पण पावसात कसारा घाट उतरताना करकचून ब्रेक मारला की जुन्या गाडीची चाकं जाम होतात. स्टिअरिंग वळवा, गाडी सरळच घसरते. नव्या गाडीतलं एबीएस सेकंदात अनेकदा ब्रेक सोडतं-धरतं, चाक फिरतं ठेवतं. त्यालाही सेन्सर लागतो. तेवढा रुसवा मी काढेन बुवा.