‘इतका’ आणि ‘ॲज’

कळमेश्वर नागपूरइतकें मोठें नाहीं. हें वाक्य कळमेश्वरच्या शाळेंतील मुलास इंग्रजींत करावयास सांगितलें, तर तो कोठें अडखळेल हें ठरलेलेंच असतें. मराठींत ‘इतका’ हा एकच शब्द, ज्याच्याशीं तुलना करावयाची त्याच्या पाठीस चिकटतो आणि काम पुरें करतो. इंग्रजींत विशेषणाच्या अलीकडे एक व पलीकडे एक असे दोन ‘ॲज’ पहारेकऱ्यांसारखे उभे करावे लागतात: ‘कळमेश्वर इज नॉट ॲज बिग ॲज नागपूर’. मूल एका शब्दाला एकच शब्द ठेवतें, आणि पहिला ‘ॲज’ हटकून गळतो. नकारार्थी वाक्यांत त्याच्या जागीं ‘सो’ही चालतो, जुने शिक्षक तर त्याचाच आग्रह धरीत, पण त्या आग्रहास आतां कारण उरलेलें नाहीं.

एवढेंच असतें तर पाठांतरानें भागलें असतें. खरें मर्म नकाराच्या अर्थांत आहे. ‘दोन गांवें सारखीं नाहींत’ असें म्हटल्यास मोठें कोणतें तें कळत नाहीं. ‘इतकें नाहीं’ म्हटलें कीं पारडें एकाच बाजूस झुकतें. कळमेश्वर लहान ठरतें. बरोबरी नाकारली म्हणजे उणेपणाच उरतो, असा दोन्ही भाषांचा संकेत आहे. तो ध्यानांत न घेतल्यामुळें, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला ‘चेंज द डिग्री’ हा प्रश्न निव्वळ घोकंपट्टीचा होऊन बसतो.

‘नागपूर हें विदर्भांतील सर्वांत मोठें शहर आहे’ याचें रूपांतर ‘नो अदर सिटी इन विदर्भ इज ॲज बिग ॲज नागपूर’ असें होतें. दुसरें कोणतेंही शहर नागपूरइतकें नाहीं, अर्थात् बाकीचीं सारीं लहान. यांतील ‘अदर’ गाळून पाहावा! नागपूरही विदर्भांतलेंच, तेव्हां नागपूर हें नागपूरइतकें मोठें नाहीं, असा अर्थ निघतो. येथें गुण कापणाऱ्या परीक्षकास कठोर म्हणतां येणार नाहीं.

‘पेक्षां’ची गोष्ट निराळी. ‘गोविंदा रामापेक्षां उंच नाहीं’ यावरून रामा उंच असें मुलें बेधडक लिहितात. दोघे समान उंचीचे असूं शकतात, हें त्यांच्या मनांतच येत नाहीं.

संत्र्यांच्या हिशेबांत आणखी एक भेद लागतो. ‘तितकीं संत्रीं’ आणि ‘तितकें पाणी’ यांना मराठींत शब्द एकच. इंग्रजींत मोजावयाच्या वस्तूस ‘ॲज मेनी’, मापावयाच्या वस्तूस ‘ॲज मच’. दुप्पट सांगावयाची झाल्यास ‘ट्वाइस’ हा शब्द पहिल्या ‘ॲज’च्याही आधीं येतो.

मराठीचीही एक अडचण आहे. ‘रामा सीतेवर माझ्याइतका विश्वास ठेवतो’ या वाक्यांत, माझा जितका विश्वास सीतेवर आहे तितका, कीं रामाचा जितका माझ्यावर आहे तितका? घरच्या पत्रांत अशा वाक्यानें गैरसमज व्हावयास वेळ लागत नाहीं. इंग्रजींत शेवटीं ‘ॲज आय डू’ लिहिलें कीं पहिला अर्थ पक्का होतो. मराठींत तोच अर्थ हवा असल्यास ‘जितका मी ठेवतों, तितकाच रामाही ठेवतो’ असें वाक्य पुरतें मोकळें करून लिहावें लागतें.