आक्रोशाची दखल : हिब्रू धर्मग्रंथातील दुःखविचार

यहुदी लोक ज्याला तनाख म्हणतात आणि ख्रिस्ती परंपरेत जो जुना करार म्हणून ओळखला जातो, तो हिब्रू ग्रंथसंग्रह दुःख का येते यापेक्षा दुःखिताचे कोण ऐकतो या प्रश्नाला अधिक महत्त्व देतो. निर्गम या ग्रंथात इजिप्तमध्ये वेठबिगारीने पिचलेले इस्राएली लोक कण्हतात, आक्रोश करतात, आणि तो आक्रोश ऐकून देव त्यांच्यातीलच मोशे याला फारोकडे, म्हणजे तेथील राजाकडे पाठवतो. उत्पत्ती ग्रंथातील हागार तर इजिप्शियन दासी. घराबाहेर काढल्यावर रानात तहानेने व्याकूळ झालेल्या तिच्या मुलाचा आवाजही देवापर्यंत पोहोचतो, त्यामुळे ही करुणा एकाच वंशापुरती उरत नाही.

ईयोबाच्या ग्रंथात हा प्रश्न अधिक बिकट होतो. संपत्ती, मुले आणि आरोग्य गमावलेल्या या सज्जन माणसाला, त्याचे तीन मित्र पापाचेच फळ मिळाल्याचे बजावतात, पण तो निर्दोषत्वाचा दावा न सोडता देवाकडेच जाब मागतो. अध्याय 38 ते 41 मध्ये देव वावटळीतून बोलतो, सृष्टीची अफाट रचना त्याच्यापुढे मांडतो, मात्र त्याच्या दुःखाचे कारण सांगत नाही. तरीही अखेरीस मित्रांचे बोलणे चुकीचे आणि ईयोबाचे योग्य ठरवतो. दुःखिताला दोषी ठरवून देवाची बाजू घेणारी धार्मिकता येथे देवालाच अमान्य होते.

इ. स. पू. 586 च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम आणि तेथील मंदिर उद्ध्वस्त केले. त्या शोकातून उभ्या राहिलेल्या विलापगीत या ग्रंथाच्या पाच काव्यांत देव स्वतः पुढे येऊन बोलतच नाही. या अनुत्तरित विलापालाही परंपरेने पवित्र ग्रंथात स्थान दिले, आणि हिब्रू पंचांगातील अव महिन्याच्या नवव्या दिवशी उपवास करून यहुदी समाज तो आजही वाचतो.

देवाच्या या ऐकण्यातूनच माणसाचे कर्तव्य निर्माण होते. परक्याला छळू नये, विधवा व अनाथांना गांजू नये, गरिबाचे गहाण घेतलेले पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत करावे, कारण त्यांची हाक देव ऐकतो, असे निर्गमातील नियमशास्त्र सांगते. म्हणून या परंपरेत देवावरील श्रद्धेचा कस पीडिताशी केलेल्या वागणुकीत लागतो.